कोयत्याच्या करारावर बाईचं नाव लिहा

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री, मंत्रालय, मुंबई
मा. साखर आयुक्त, साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे

विषय : ऊसतोडणीचा करार, खेपेची पावती आणि मजुरी यांत महिला कामगाराची स्वतंत्र नोंद करण्याबाबत

महोदय,

पत्रास कारण की, येत्या गाळप हंगामाचे करार आमच्या भागात लवकरच सुरू होतील आणि त्यातल्या जवळपास एकाही करारावर बाईचं नाव नसेल. दोघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे. वेगवेगळं लिहिलं असतं तर महिला विभागाने 'मजुरीचा विषय आमचा नाही' म्हणून पुण्याला पाठवलं असतं आणि पुण्याने 'आम्ही ऊस, साखर आणि एफआरपी (शेतकऱ्याच्या उसाचा सरकारने ठरवलेला दर) बघतो' म्हणून मुंबईला परत धाडलं असतं. कामगार खात्याला मुद्दाम वगळलंय. तिथे पत्र पाठवलं की ते 'असंघटित' या शब्दाखाली जाऊन बसतं आणि मग सापडत नाही.

मी बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या एका गावी ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, लाडकी बहीण. बहुतेक अर्जांत 'व्यवसाय' असा एक रकाना येतो. समोर बसलेल्या बाईला विचारलं, "मावशी, काम काय करता?" की ती आधी नवऱ्याकडे बघते. नवरा म्हणतो, "घरकाम लिहा ताई." अंगठा टेकवायला ती हात पुढे करते. त्यावर उसाच्या पात्याने चिरल्याच्या रेघा, आणि बोटांची टोकं इतकी घासलेली की मशीन तिचा ठसा दोन-तीनदा नाकारतं. अर्जात मात्र लिहिलं जातं : गृहिणी.

ही बाई दसरा-दिवाळीनंतर कोल्हापूर, सांगली, सोलापूर नाहीतर थेट बेळगाव-बागलकोटकडे जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येते. आयुक्त साहेबांना हे सगळं माहीत आहे, पण पत्र खुलं आहे आणि साखरेचा चहा पिणारे इतरही ते वाचतील, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई आली तर अर्धा कोयता. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, म्हणजे जोडीवर, आणि ती मोजून घेतो नवरा. करार स्टॅम्पपेपरवर होतो, त्यावर सही-अंगठा नवऱ्याचा. हंगामात जेवढे टन तुटले त्याचे पैसे उचलीतून वळते होतात, तो हिशोबही नवऱ्याच्या नावावर. कामाला दोघं, कागदावर एक.

आणि काम कसं, तेही सांगते. पहाटे चारच्या आधी ती उठते. तळावर, म्हणजे मजुरांच्या मुक्कामाच्या जागी, कोपीच्या (झोपडीच्या) तोंडाशी चूल पेटवून दिवसभराच्या भाकरी, मग पाणी, मग लेकराला गुंडाळून फडात, म्हणजे उसाच्या शेतात. गडी बुडातून ऊस छाटतो, तीही छाटते. वाढं (उसाचा शेंडा) तोडायचं, पाचट बाजूला करायचं, मोळ्या बांधायच्या, हे बहुतेक तिच्याकडे. गाडी भरायची वेळ आली की मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. फळी पाऊलभर रुंद, त्यातून पहाटेच्या दंवाने ओली. ट्रक रात्री दोनला आला तर रात्री दोनला भरायचा, कारण ट्रकवाल्याला कारखान्याच्या गव्हाणीवर नंबर लावायचा असतो. गाडी भरून तळावर परतलं की पुन्हा चूल तिचीच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकामाला बाईची दिवसाला २८९ मिनिटं लागतात आणि पुरुषाची ८८. तळावर घड्याळ घेऊन कोणी बसलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता कारखान्याचा कागद बघू. शेतकऱ्याच्या उसाची लागणीपासून नोंद असते. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख. तोडीचा प्रोग्राम ठरतो, स्लिपबॉय फडात येतो, पावती फाडतो. पावतीवर शेतकऱ्याचं नाव, गाडीचा नंबर, वाहतूकदाराचा किंवा टोळीचा कोड. काट्यावर वजन किलोपर्यंत. शेतकऱ्याच्या बिलातून तोडणी-वाहतूक कापतात ती पैशापर्यंत. शेतकऱ्याचे पैसे १४ दिवसांत द्यायचे हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. हे सगळं योग्यच आहे, त्यासाठी शेतकऱ्यांनी रस्त्यावर येऊन भांडण केलंय. पण एवढ्या बारीक हिशोबात त्या उसाला ज्या बाईने हात लावला तिचं नाव एकाही रकान्यात बसत नाही, हे कसं? कारखाना म्हणतो मजूर ठेकेदाराचे, ठेकेदार म्हणतो मुकादमाचे, मुकादम म्हणतो माझा व्यवहार कोयत्याशी. साखळी तिथे संपते आणि बाई त्या साखळीच्या बाहेर उभी राहते.

मंत्री महोदय, आता तुमच्या विभागाकडे वळते.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये देशातलं पहिलं राज्य महिला धोरण आणलं. त्याच वर्षी हिंदू वारसा कायद्यात राज्याने दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. केंद्राला तिथपर्यंत पोचायला २००५ उजाडलं. पुढे २००१, २०१४ आणि ८ मार्च २०२४ ला चौथं धोरण. स्थानिक स्वराज्य संस्थांत ५० टक्के जागा २०११ पासून. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं. मी हे यादी म्हणून वाचून दाखवत नाही. यातल्या प्रत्येक निर्णयाचे कागद माझ्या टेबलावरून गेलेत आणि त्यांचा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. सात-बाऱ्यावर नाव लागलेल्या बहिणीला भाऊ निदान सही घ्यायला तरी येतो.

पण म्हणूनच विचारते. लेकराच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सक्तीचं करणाऱ्या राज्यात तिच्या स्वतःच्या मजुरीच्या करारावर तिचं नाव का नाही? ग्रामपंचायतीच्या ठरावावर सदस्य म्हणून सही करणाऱ्या बायका आमच्याकडे ऊसतोडीला जातात. गावात त्यांच्या सहीने रस्त्याचं बिल निघतं. फडात त्या अर्धा कोयता.

समान वेतनाचा कायदा १९७६ चा आहे आणि आता तीच तरतूद वेतन संहितेत आहे. पण या कायद्याला तुलना करायला दोन आकडे लागतात. गड्याला इतके, बाईला इतके, कमी का? शेतात खुरपणीला आणि गड्याच्या कामाला वेगळी रोजंदारी असते, तिथे निदान दोन आकडे आहेत, भांडता येतं. ऊसतोडीत बाईचा आकडाच नाही. शून्य रुपयेसुद्धा नाहीत, नुसती रिकामी जागा आहे. कायद्याने पकडायचं कशाला?

या रिकाम्या जागेतूनच बाकीचं सगळं निघतं, असं माझं म्हणणं आहे आणि या पत्रात तेवढंच म्हणायचं आहे.

गर्भाशयाचंच घ्या. २०१९ मध्ये बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या. विधान परिषदेत त्या वेळच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं, तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. देशाच्या पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास दिसतं. वयोगट थोडे मागेपुढे धरले तरी एवढी तफावत भरून निघत नाही.

त्यावर काय झालं? खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. हंगामाच्या आधी आणि नंतर तपासणी करा, आरोग्यपत्रिका द्या, असं ठरलं. चांगलं झालं, काही डॉक्टरांच्या दुकानदारीला आळा बसला. पण बाई डॉक्टरकडे का गेली, ते कोणी फारसं विचारलं नाही. ती गेली कारण खाड्याची भीती. एक दिवस काम चुकलं की खाडा लागतो, पाचशे रुपयांपासून पुढे, आणि तो कोयत्याला लागतो. म्हणजे पाळीत पोट दुखतं म्हणून ती कोपीत पडून राहिली तर नवऱ्याचीही मजुरी अडकते. तळावर आडोसा नाही, पाणी नाही, कापड बदलायला उसाचा फड. अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेली तर तिथे कॅन्सरची भीती घातली जाते. मग ती हिशोब करते, आणि तो हिशोब तिच्या जागी बसून केला तर मला खोटा वाटत नाही : एकदा चाळीस हजार कर्ज काढून पिशवी काढली की वर्षानुवर्षांचे खाडे मिटतात. पुढे कंबर, हाडं, चिडचिड, अंगाची लाही, हे सगळं तिशीत-पस्तिशीत सुरू होतं. त्याचा खर्च कुठल्याच कोयत्यावर पडत नाही.

सरकारने दवाखान्याच्या दारावर पहारा बसवला. खाडा तिथेच राहिला.

दुसरं, लग्नं. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठरा पुरी व्हायच्या आधी झालेली. राज्याचं प्रमाण बावीसच्या घरात आहे. या आकड्यांमागे अडाणीपणा आहे, हुंडा आहे, तळावर वयात आलेल्या पोरीला एकटं कुठे ठेवायचं ही भीती आहे, सगळं आहे. पण कोयत्याचं गणितही आहे. अर्ध्या कोयत्याला अर्धी उचल. पोरगा हाताशी आला की हंगामाच्या आधी त्याचं लग्न उरकायचं म्हणजे घरात एक कोयता वाढतो. पोरीच्या बापालाही एक तोंड कमी. कारखान्याच्या आवारात उरकलेल्या लग्नांना आमच्याकडे 'गेटकेन' म्हणतात. खरं तर गेटकेन म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरून थेट गेटवर येणारा ऊस. लोकांनी हे नाव का दिलं असेल ते तुम्हीच समजून घ्या. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाला नेमून, शाळेत शपथ घ्यायला लावून हे थांबत नाही. मंडपात पोलीस पोचतात तोवर उचल खर्च झालेली असते.

आणि ज्या बाईला जोडीच नाही तिचं? विधवा, टाकलेली, नवरा दारूत बुडालेला. अशी बाई भावाच्या, दिराच्या, कधी कोणा नातेवाइकाच्या कोयत्यात अर्धी म्हणून जाते. हिशोब त्याच्या हातात. हंगाम संपल्यावर तो देईल ते आणि देईल तेव्हा. तिच्याशी तळावर कोणी वाईट वागलं तर तक्रार कुणाकडे? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत स्थानिक समिती आहे, असंघटित बायकांसाठीच आहे. पण फडातल्या बाईने 'मी इथे कामाला आहे' हे कोणत्या कागदावरून दाखवायचं? प्रसूतीच्या रजेचंही तेच. संघटित नोकरीत २०१७ पासून २६ आठवडे भरपगारी रजा आहे. फडात सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळी उचलतात, बाळंतपण कोपीत झालं की दहा-बारा दिवसांनी परत फडात, कारण खाडा.

आता मला ठाऊक आहे की या पत्राला काय उत्तरं येतील. गेली काही वर्षं मी तालुक्याच्या बैठकांत ती ऐकते आहे.

पहिलं उत्तर : जोडीने केलेल्या कामात बाईचं काम वेगळं मोजायचं कसं? हे उत्तर महाराष्ट्रात द्यायला तरी थोडा संकोच वाटायला हवा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि पाझर तलावावर माती वाहायला याच जिल्ह्यांतल्या बायका होत्या. त्यातून रोजगार हमी आली, १९७७ मध्ये कायदा झाला. तिथेही काम गटाने व्हायचं. चर किती खणली याचं माप एकत्र घेतलं जायचं आणि हजेरीपटावर ज्यांची नावं, त्यांच्यात हजेरीप्रमाणे मजुरी वाटली जायची. गडी आणि बाई एकाच दराने. माझ्या आजीचं नाव आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या सरकारी कागदावर आलं असेल तर ते त्या हजेरीपटावर. पन्नास वर्षांपूर्वी कार्बन पेपर घालून जे जमलं, ते काट्यावर संगणक असलेल्या कारखान्याला जमणार नाही, असं कोणी म्हणू नये. कोयत्याचे टन मोजा, दोन भाग करा. झालं.

दुसरं उत्तर : बायकांची खाती कुठे आहेत? हे मी २०२४ च्या आधी ऐकून घेतलं असतं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत दोन कोटींहून जास्त बायकांच्या आधारशी जोडलेल्या खात्यांत पैसे गेलेत. त्या वेळी माझ्या केंद्रापुढे रात्री दहापर्यंत रांग असायची. राज्यातल्या जवळपास प्रत्येक गरीब बाईचा खाते क्रमांक सरकारकडे आहे. तो ओवाळणीला चालतो आणि मजुरीला चालत नाही, असं कसं?

इथे एक गणित मांडते. बरोबर नसेल तर आयुक्तालयाने दुरुस्त करावं. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांच्या बैठकीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला साडेतीनशेच्या पुढे दर गेला. जोडी दिवसाला दोन टन धरू, हंगाम सव्वाशे दिवसांचा धरू. अडीचशे टन. साडेतीनशेने सत्त्याऐंशी हजार पाचशे. त्यातला अर्धा वाटा तिचा, म्हणजे पावणेचव्वेचाळीस हजार. लाडक्या बहिणीचे वर्षाचे होतात अठरा हजार. ते मिळावेत, त्याबद्दल तक्रार नाही, त्या पैशातून पोरांच्या फिया भरलेल्या आणि मंगळसूत्राची वाटी सोडवून आणलेली मी पाहिली आहे. पण तिने स्वतः कमावलेले त्याच्या दुप्पट-अडीचपट पैसे तिच्या नावावर एका ओळीतही दिसत नाहीत. सरकार तिला देतं ते तिला माहीत आहे. ती सरकारला आणि कारखान्याला काय देते ते तिला स्वतःलाही माहीत नाही. तिने केंद्रात येऊन 'घरीच असते' म्हणावं, यात आश्चर्य काय?

तिसरं उत्तर मात्र मी हसून सोडून देत नाही, कारण ते आमच्याच बायका देतात. "ताई, नाव आलं की कर्जबी नावावर येईल." उचल फिटली नाही तर मुकादम गडी माणसाला गाडीत घालून नेतो, असं आमच्याकडे घडतं. मग तिलाही नेतील का? भीती खरी आहे. तिला माझं उत्तर असं : नवरा मेला तर बाकी मागायला मुकादम कुणाच्या दारात येतो? तुझ्याच ना? म्हणजे देणं आजही तुझ्यावर आहे, फक्त येणं नाही. पण मंत्री महोदय, हे उत्तर मी तिला देऊ शकते, तुम्ही नाही देऊ शकत. तुम्हाला ती भीती कागदावरच मिटवावी लागेल. उचलीच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. करारात साध्या मराठीत एक कलम हवं की बाईच्या नावाची उचल तेवढीच, जेवढी तिच्या खात्यात जमा झाली. नवऱ्याने रोख घेतलेली तिच्या माथी मारता येणार नाही. तेवढं नसेल तर नुसतं नाव लिहून तिचं भलं होण्याऐवजी नुकसान व्हायची शक्यता जास्त, आणि मग हे पत्र मी मागे घेईन.

नवरा पैसे काढूनच घेईल, असंही म्हणतात. घेईल, काही घरांत घेईल. पण आज काय घ्यायचं तेच ठरलेलं नाही, म्हणून त्यावर भांडणसुद्धा होत नाही.

हे करायची चावी आयुक्त साहेबांकडे आहे आणि म्हणून पत्र त्यांच्याही नावाने आहे. राज्यातल्या दोनशेच्या आसपास कारखान्यांना दरवर्षी गाळप परवाना घ्यावा लागतो. एफआरपी थकवली तर परवाना अडतो, हे आम्ही दरवर्षी पेपरात वाचतो. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मंत्री समिती बसते, हंगामाची तारीख ठरते आणि टनामागे कशासाठी किती कापायचं तेही तिथेच ठरतं. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनाला दहा रुपये तिथूनच आले. त्या पैशातून मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं सुरू झाली, त्यामुळे कितीतरी पोरी यंदा तळावर न जाता शाळेत आहेत, हे मी मान्य करते. म्हणजे कारखान्यांना अट घालता येते आणि ते ती पाळतात. मग एक अट अजून घाला. ज्या कारखान्याकडे तोडणी कामगारांची नावनिहाय यादी नाही, बाई वेगळी आणि गडी वेगळा, त्याला परवाना नाही.

यादी हातात आली की पुढचं तुमच्या दोघांत वाटून घ्या. हंगामाचा करार दोन नावांवर, उचलीचा आणि मजुरीचा निम्मा भाग तिच्या खात्यात, खेपेच्या पावतीवर कोयत्यातल्या दोघांचे नंबर. खाडा घ्यायचाच असेल तर ज्याचा त्याला, आणि पाळी, बाळंतपण, लेकराचं आजारपण यासाठी खाडा घेणं बंद. महामंडळाचं आणि ग्रामपंचायतीचं ओळखपत्र बाईला तिच्या नावाने, 'अमुकची पत्नी' म्हणून नव्हे. एकट्या बाईला अर्धा कोयता न म्हणता पूर्ण कामगार धरून तिच्या टनांची वेगळी नोंद. मातृत्वाचा लाभ कोणी द्यायचा, कारखान्याने, महामंडळाने की दोघांनी, हे तुम्ही ठरवा. टनाला अजून एक-दोन रुपये लागले तर साखर कडू होणार नाही.

एक सांगायचं राहिलं, आणि ते घाईचं आहे. फडात हार्वेस्टर आले आहेत. त्यासाठी सरकार लाखांत अनुदान देतं. मशीन येऊ नये असं मी म्हणणार नाही. ज्या फळीवरून माझी आई मोळी घेऊन चढली ती फळी मोडीत निघाली तर मला दुःख नाही. पण मशीनमुळे काम गेलेल्यांना उद्या काही द्यायचं ठरलं, प्रशिक्षण म्हणा, भरपाई म्हणा, शेळ्या म्हणा, तर यादी कुठून काढणार? मुकादमाच्या वहीतून? त्या वहीत गड्यांची नावं आहेत. वीस-वीस हंगाम केलेल्या बायका तेव्हा पुन्हा माझ्या केंद्रात येतील आणि मी 'व्यवसाय' या रकान्यापुढे थांबेन. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोड कामगारांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली. सरकारने न्यायालयात काय आकडे दिले ते वाचायला मला आवडेल, पण त्यात बायका वेगळ्या मोजल्या असतील तर त्या कोणत्या कागदावरून मोजल्या, हेही सांगावं.

सोबत दोन नावांच्या कराराचा एक पानी नमुना जोडला आहे. वकिलाकडून तपासून घेतला आहे, मोठ्या अक्षरात आहे आणि वाचून दाखवायला चार मिनिटं लागतात. त्यात चुका असतील तर आपल्या विधी विभागाने काढाव्यात. परिपत्रक गाळप परवान्याच्या अर्जांआधी निघालं तरच उपयोग, दसरा उलटला की गाड्या भरून गेलेल्या असतात. परिपत्रकाची प्रत मेलवर आली तरी चालेल. तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर ती लावायचं आणि तळावर निघालेल्या प्रत्येक टोळीला वाचून दाखवायचं काम आम्ही केंद्रवाल्या आणि बचत गटाच्या बायका मिळून करू. छपाईचं बिल लावणार नाही.

आपली,
एक सेवा केंद्रचालक,
जिल्हा बीड

सोबत : कराराचा नमुना (१ पान)